बी गावचं, वाफसा परदेशातला: डायबेटिस आणि टीबीचं नातं

दादाचं वजन सात किलो उतरलं तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं होतं, मी पण केलं होतं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, मूळचा सांगलीचा, न्यू जर्सीत जाऊन एकोणीस वर्षं झाली, डायबेटिस नऊ वर्षांपासून. डॉक्टर त्याला कायम वजन कमी करा म्हणून सांगायचे त्यामुळे ते उतरायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की रोजचं चालणं लागू पडलं. खोकला होता पण तो अ‍ॅलर्जीचा म्हणून गोळ्या चालू होत्या. रात्री घामाने उशीचा अभ्रा भिजायचा, वहिनी सकाळी उठून तो बदलायची आणि दादा म्हणायचा घरात हीटिंग जास्त होतंय. असे अडीच-तीन महिने गेले, मग कुणीतरी एक्स-रे काढला आणि उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला पोकळी दिसली. टीबी.

मावशीला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, अमेरिकेत कुठनं आला टीबी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि सध्या तो बऱ्याच जणांना पडतोय. अमेरिकेत २०२४ मधे टीबीचे दहा हजारांहून जास्त पेशंट सापडले, इंग्लंडमधे साडेपाच हजारांच्या आसपास, आणि दोन्हीकडे आकडे आधीच्या वर्षापेक्षा वाढले होते. अमेरिकेतल्या दर चार पेशंटमागे साधारण तिघांचा जन्म दुसऱ्या देशातला, इंग्लंडमधे पाचातल्या चौघांचा, आणि इंग्लंडमधे बाहेर जन्मलेल्या टीबी पेशंटमधे सगळ्यात जास्त लोक भारतात जन्मलेले आहेत. हे वाचून एक वर्ग लगेच म्हणतो की बाहेरचे लोक रोग घेऊन येतात. दुसरा वर्ग, म्हणजे आपले तिकडे राहणारे लोक, म्हणतात आमचा काय संबंध, आम्ही चांगल्या घरात राहतो, चांगलं खातो. दोघांचंही चुकतंय, आणि का चुकतंय ते कळायला टीबीच्या जोडीला शुगर पण बघावी लागते.

आधी बी म्हणजे काय ते बघू

टीबीचे जंतू हवेतून शरीरात आले म्हणजे टीबी झाला असं नसतं. बहुतेकांच्या बाबतीत शरीर त्या जंतूंना चारी बाजूंनी घेरून एका जागी डांबून ठेवतं, ते मरत नाहीत पण वाढतही नाहीत. माणसाला काही त्रास होत नाही, खोकला नाही, ताप नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. याला सुप्त टीबी म्हणतात. जगातल्या साधारण पाव लोकांच्या शरीरात हे जंतू कधी ना कधी शिरलेले आहेत असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी खरा आजार होतो, बाकीचे ते जंतू पोटात घेऊन म्हातारे होतात आणि भलत्याच कारणाने जातात.

शेतीवाल्यांना वाफसा म्हणजे काय हे सांगायला नको, शहरातल्यांसाठी सांगते. पाऊस पडून गेल्यावर रान ना चिखल ना कोरडं अशा स्थितीत येतं, मातीत ओल असते, हवा खेळती असते, आणि त्या वेळी टाकलेलं बी धरतं. कितीही चांगलं बी असू दे, वाफसा नसेल तर ते तसंच पडून राहतं किंवा सडतं. सुप्त टीबी म्हणजे रानात पडून राहिलेलं बी. ते उगवणार की नाही हे शरीराच्या वाफशावर ठरतं. एचआयव्ही, कुपोषण, दारू, सिगरेट, म्हातारपण, काही औषधं, हे सगळे वाफसा आणणारे, आणि त्यातच एक डायबेटिस.

शुगर वाढली की आत काय होतं

फुप्फुसात पहारा देणाऱ्या पेशी असतात, जंतू दिसला की त्याला गिळायचा आणि बाकीच्या फौजेला निरोप धाडायचा हे त्यांचं काम. रक्तात कायम साखर जास्त असेल तर या पेशींची गिळायची ताकद कमी होते आणि निरोप उशिरा जातो. डायबेटिस असलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय, फौज येते पण उशिरा येते, तोवर जंतू बेसुमार वाढलेले असतात, आणि मग आलेली फौज गरजेपेक्षा जास्त धुमाकूळ घालते. म्हणजे आग लागल्यावर बंब तासभर उशिरा आला आणि मग असा पाण्याचा मारा केला की जे जळालं नव्हतं ते पण भिजून गेलं, तसं. फुप्फुसात पोकळ्या पडतात त्यात या धुमाकुळाचा मोठा वाटा असतो.

२००८ मधे तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला तेव्हा डायबेटिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली. आता हे तिप्पट सगळ्यांना सारखं लागू नाही. हाँगकाँगमधे वयस्कर लोकांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात ज्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या खाली होती त्यांना टीबीचा धोका वाढलेला दिसलाच नाही, आणि सात किंवा त्याच्या वर असलेल्यांमधे तो तिप्पट होता. मला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात कामाचा आकडा वाटतो, कारण गावाकडचं बी आपण बदलू शकत नाही पण सातचा आकडा बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो.

हे नातं जुनं आहे बरं का. १९२२ मधे इन्सुलिन वापरात यायच्या आधी डायबेटिसचे जे पेशंट कोमातून वाचायचे त्यातले कितीतरी पुढे टीबीने जायचे, आणि १९३४ मधे बोस्टनच्या हॉवर्ड रूट या डॉक्टरांनी यावर सविस्तर लिहून ठेवलं होतं. मग श्रीमंत देशांतून टीबी जवळपास हटला आणि तिथले डॉक्टर हे नातं विसरून गेले. बी च उरलं नाही तर वाफशाची चर्चा कोण करणार.

तिथेच जन्मलेला आणि बाहेरून आलेला, फरक कुठे पडतो

अमेरिकेत जन्मलेला, आयुष्यभर तिथेच राहिलेला पन्नाशीचा माणूस घ्या. त्याला डायबेटिस असेल, शुगर अडीचशेच्या वर असेल, म्हणजे वाफसा पूर्ण आहे. पण त्याच्या लहानपणी आजूबाजूला टीबीचे पेशंटच नव्हते, त्यामुळे रानात बी नाही. अमेरिकेत जन्मलेल्यांमधे टीबीचं प्रमाण वर्षाला लाखात एकाहून कमी आहे, त्याला तिनाने गुणलं तरी हातात काय येणार.

आता दादा घ्या. सांगलीतलं जुनं घर, एका खोलीत पाच-सहा जण झोपायचे, आणि नंतर मावशीलाच आठवलं की दादा चार-पाच वर्षांचा असताना त्याची आजी खोकून खोकून आजारी होती आणि तिला मिरजेला सॅनिटोरियममधे ठेवलं होतं. दादा तिच्याच कुशीत झोपायचा. पंचेचाळीस वर्षं ते बी पडून होतं. ते नक्की तेव्हाचंच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, नंतर एसटीत, कॉलेजात, होस्टेलवर कुठेही मिळालं असेल, पण ते भारतातलं असण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत बाहेर जन्मलेल्यांमधे टीबीचं प्रमाण लाखात दहाच्या वर आहे, आणि या आकड्याला तिनाने गुणलं की खरीखुरी माणसं आजारी पडताना दिसायला लागतात.

म्हणजे डायबेटिस दोघांच्याही शरीरात तेच करतो, फरक पडतो तो कशावर करतो याने.

हे नुसतं तर्कावर नाही. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या १९९१ च्या नोंदी तपासल्या तेव्हा २५ ते ५४ वयाच्या हिस्पॅनिक लोकांमधल्या टीबीपैकी साधारण पाव केसेस डायबेटिसच्या खात्यावर निघाल्या, आणि त्या गटात एचआयव्हीचा वाटाही जवळपास तेवढाच होता. एड्सची साथ भरात असतानाचा हा काळ आहे, सगळ्यांचं लक्ष एचआयव्हीकडे आणि शुगरकडे कुणी बघतही नव्हतं. नंतर टेक्सास-मेक्सिको सीमेवर तपासलं तर नदीच्या दोन्ही काठांवर टीबीच्या तीनातल्या एकाहून जास्त पेशंटना डायबेटिस निघाला. जॉर्जिया राज्यात नव्याने आलेल्या निर्वासितांची तपासणी झाली त्यात डायबेटिस असलेल्यांमधे सुप्त टीबीही जास्त आढळला, म्हणजे शुगर फक्त बी उगवायलाच मदत करते की शरीरात टिकायला पण, हा पुढचा प्रश्न त्यातून निघतो.

"तिथेच जन्मलेले" म्हणजे सगळे सारखे असंही नाही. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींमधे टीबीही जास्त आणि डायबेटिसही जास्त, आणि ते तर कुठूनच आलेले नाहीत. इंग्लंड-अमेरिकेतले ऐंशीच्या पुढचे गोरे आजी-आजोबा, ज्यांचं बालपण टीबीवर औषध यायच्या आधीचं, त्यांच्यातही बी असू शकतं. त्यामुळे पासपोर्ट कुठला हे खरं तर गौण आहे, लहानपणी श्वास कुठल्या हवेत घेतला हे महत्त्वाचं.

आपल्यालाच डायबेटिस इतका का

इथे पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ मधे मेडिकल जर्नलमधे छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीवाला असतो हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांपासून मोजून दाखवलंय. म्हणूनच इंग्लंडमधे दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात, कारण डायबेटिस आपल्याला कमी वजनात आणि कमी वयात गाठतो.

परदेशात गेल्यावर त्यात गाडीचं आयुष्य, रात्रीचे कॉल, चीज आणि थंडीत घरात बसणं याची भर पडते. पण फक्त परदेशाला दोष देऊन भागणार नाही. २०२३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी अभ्यासात डायबेटिसचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एक.

"पण व्हिसाच्या वेळी एक्स-रे काढला होता की"

हो, पण एक्स-रेत रोप दिसतं, बी दिसत नाही. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना छातीचा एक्स-रे लागतो, तो क्लीन आला म्हणजे त्या दिवशी फुप्फुसाचा टीबी दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या एचवनबी व्हिसावर जाणाऱ्यांची तर साधारणपणे अशी तपासणीच होत नाही. ग्रीन कार्डच्या मेडिकलला मात्र इग्रा नावाची रक्ताची टेस्ट करतात, ती सुप्त टीबी पकडते, आणि तिथे आपले बरेच लोक घाबरतात. इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणून ग्रीन कार्ड अडत नाही, अडतं ते संसर्ग पसरवणारा चालू टीबी असेल आणि त्यावर उपचार झाले नसतील तर. ही टेस्ट पॉझिटिव्ह आलेले बरेच जण "सगळ्याच इंडियन्सची येते" म्हणून रिपोर्ट ड्रॉवरमधे टाकून देतात. दादानेही हेच केलं होतं.

बीसीजीचं पण असंच, दंडावरची खूण बघून लोक निर्धास्त असतात. ती लस लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगली वाचवते, पण मोठेपणी फुप्फुसाच्या टीबीपासून तिचा फारसा भरवसा नाही.

"म्हणजे बाहेरचे लोकच पसरवतात ना?"

नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजाने तिथल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त केसेस जुना सुप्त टीबी जागा झाल्याच्या असतात, नुकती कुणाकडून लागण झालेल्या नसतात. म्हणजे त्या माणसाला स्वतःच्याच शरीरातून आजार होतो, अनेकदा त्या देशात दहा-वीस वर्षं काम करून टॅक्स भरून झाल्यावर. तो लवकर सापडला तर दुसऱ्याला लागणही होत नाही. उलट लोक नावं ठेवतील या भीतीने माणूस खोकला लपवतो आणि तेच पसरायचं खरं कारण होतं. दादाने ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, मावशीने इथे शेजारी कुणाला सांगितलं नाही, न्यूमोनिया झालाय म्हणाली. मला त्याचं फार वाईट वाटतं, डायबेटिस झाला तर आपण लग्नाच्या पंगतीत पण मोठ्याने सांगतो आणि टीबीचं नाव मात्र दार लावून घेतो.

दोन्ही एकत्र आले की

टीबी स्वतःच शुगर वाढवतो, कारण कुठल्याही मोठ्या आजारात शरीर ताणात जातं. म्हणजे शुगरमुळे टीबी आणि टीबीमुळे आणखी शुगर, असं चक्र. डायबेटिस असलेल्या टीबी पेशंटचा ट्रीटमेंट चालू असताना मृत्यू होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो आणि बरा झाल्यावर टीबी उलटण्याचा धोकाही बराच जास्त.

औषधांचं पण एकमेकांशी जमत नाही. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतं की ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या लवकर मोडल्या जातात आणि त्यांचा असर उतरतो. मेटफॉर्मिनचं असं होत नाही म्हणून ती चालू ठेवता येते, आणि बऱ्याच जणांना काही महिने इन्सुलिन घ्यावं लागतं. दादाचं तेच झालं, गोळ्या त्याच, वेळ तीच आणि शुगर तीनशेच्या वर. मग टीबीच्या आयसोनियाझिडने पायाला मुंग्या येतात, डायबेटिसने पण येतात, म्हणून बीसिक्स व्हिटॅमिन जोडीला देतात. एथाम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकतं आणि डायबेटिसवाल्याचे डोळे आधीच नाजूक असतात, तेव्हा नजर अंधुक झाली किंवा रंग वेगळे दिसायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

सगळ्यात मोठी गडबड जेवणाची. टीबीवाल्याला सगळे सांगतात भरपूर खा, डायबेटिसवाल्याला सांगतात जपून खा. मावशीने इकडून डिंकाचे लाडू पाठवले होते, दोन डबे. शेवटी तिकडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी बसवून दिलं की खाणं कमी करायचं नाही, अंडी, डाळी, उसळी, दही, शेंगदाणे वाढवायचे, भाकरी-पोळी मापात, आणि लाडू घरातल्या बाकीच्यांनी खायचे. वजन पुन्हा चढायला लागलं तेव्हा या वेळी अभिनंदन खरं होतं. गोळ्या तो रोज सकाळी फोनच्या कॅमेऱ्यासमोर घ्यायचा, आरोग्य खात्याची नर्स व्हिडिओ बघायची, आणि लघवी केशरी होते हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तो घाबरला नाही.

मग इथे राहणाऱ्यांचं काय

इथे बी घरोघरी आहे, त्यामुळे बाहेरचा-आतला हा भेद महाराष्ट्रात लागूच होत नाही. जगातले साधारण पाव टीबी पेशंट भारतात आहेत आणि डायबेटिसचे पेशंट दहा कोटींच्या घरात. केरळात २०११-१२ च्या सुमारास टीबीच्या पेशंटची शुगर तपासली तर ४४ टक्के लोकांना डायबेटिस निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो आहे हे माहीतच नव्हतं. म्हणून आता सरकारी टीबी कार्यक्रमात प्रत्येक पेशंटची शुगर तपासायचा नियम आहे, तुमच्या घरात कुणाला टीबी निघाला आणि ती तपासली नसेल तर मागून घ्या. एक मात्र स्पष्ट सांगते, भारतात टीबीचा सगळ्यात मोठा वाफसा अजूनही कुपोषण हाच आहे, शुगरच्या चर्चेत ते मागे पडता कामा नये.

मग प्रत्येक डायबेटिसवाल्याने सुप्त टीबीची टेस्ट करायची का

नाही, जागतिक आरोग्य संघटना फक्त डायबेटिस आहे म्हणून सरसकट टेस्ट करा असं सांगत नाही, कारण प्रतिबंधक औषधांचे लिव्हरवर परिणाम असतात आणि लाखो लोकांना ती देण्याइतका पुरावा अजून नाही. पण टीबी कमी असलेल्या देशात राहत असाल, जन्म भारतातला असेल आणि वर डायबेटिस असेल तर डॉक्टरांशी हा विषय स्वतः काढा, कारण तिकडच्या डॉक्टरच्या डोक्यात खोकला म्हटलं की टीबी शेवटी येतो. "माझा जन्म भारतातला, मला डायबेटिस आहे, लहानपणी घरात टीबी होता" ही तीन वाक्यं पुरतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, आणि प्रयत्न न करता उतरलेलं वजन, यातलं काहीही असेल तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी मागायची. डायबेटिसवाल्यांमधे टीबी कधी कधी फुप्फुसाच्या खालच्या भागात दिसतो आणि न्यूमोनिया समजून सोडला जातो, हे पण लक्षात असू द्या.

दादाचा टीबी निघाल्यावर घरातल्या सगळ्यांची इग्रा झाली. मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला, त्याची निगेटिव्ह, दोन महिन्यांनी परत केली तरी निगेटिव्ह. वहिनी कोल्हापूरची, तिची पॉझिटिव्ह. ती लागण दादाकडून झाली की कोल्हापुरातूनच आली होती हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. एक्स-रे स्वच्छ होता, पण एचबीएवनसी ६.२, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. तिला चार महिन्यांचं रिफाम्पिसिन सुचवलं, तिने दोन दिवस विचार केला, मावशीशी बोलली आणि चालू केलं. शेवटची गोळी मे महिन्यात संपली.